यादीतला त्रेसष्टावा नंबर

आमच्या विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये खोल्या चारशे बारा, आणि दरवर्षी खोली मागणारे अर्ज हजाराच्या वर. या दोन आकड्यांच्या मधोमध ताई बसायच्या. तळमजल्यावर जिन्याशेजारी त्यांचं ऑफिस. त्याला काचेची सरकती खिडकी, आणि खिडकीच्या बाजूला भिंतीवर प्रतीक्षायादी लावलेली. कोणाचा कितवा नंबर, कोणाला खोली मिळाली, कोण गळालं, सगळं रोज सकाळी नऊला ताजं असायचं. पोरं त्यांना यादीबाई म्हणायची. हे पहिल्यांदा कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंय, कैदाशीण तरी म्हणत नाहीत."

मी तिथला दुरुस्तीवाला. नळ, कुलपं, बिजागऱ्या, तुंबलेली बेसिनं, सगळं माझ्याकडे. मला सगळे मिस्त्रीच म्हणतात. माझं वर्कशॉप ऑफिसच्या मागच्या अंगाला आहे, त्यामुळे सोळा वर्षं रोज अकराचा चहा आम्ही दोघांनी एकत्र घेतला. त्या माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या, म्हणून ताई. हे जे सांगतोय ते त्यांचंच आहे, पण त्यात थोडा मीही आहे. तो भाग मी लपवणार नाही.

ताईंच्या यादीला कोणी हात लावू शकत नसे. एकदा विद्यापीठातल्या एका बड्या साहेबांचा भाचा खिडकीशी आला. ताईंनी यादी बघून सांगितलं, "तुझा नंबर दोनशे सात."

"पण मामांनी सांगितलंय की काम होईल."

"मग मामांकडे राहा."

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. साहेबांचा फोन आला, ताईंनी त्यांनाही दोनशे सातच सांगितलं. पण याचा अर्थ बाई कोरडी होती असा नाही. खोली न मिळालेल्या पोरांच्या बॅगा त्या स्टोअरमध्ये ठेवून घ्यायच्या, बाहेरच्या घरमालकांना स्वतः फोन करायच्या, नवीन आलेल्याला उशी नसेल तर जुन्यातली बरी उशी शोधून द्यायच्या. देता येईल ते सगळं देत. फक्त नंबर देत नसत.

घरी त्या, त्यांचा नवरा आणि एक मुलगी. भाऊजी तीस वर्षं छापखान्यात होते. यंत्रांच्या धडधडीत त्यांचे कान गेले, एक जवळजवळ पूर्ण, दुसरा अर्धा. मुलगी उंच, काटकुळी, केसांचा डोक्यावर बुचडा बांधायची. शाळेत असताना ती संध्याकाळी आईच्या ऑफिसात अभ्यासाला बसे, तेव्हा मीच तिला पेन्सिल म्हणायला लागलो. मला ती मामा म्हणायची. माझ्या हत्यारांची तिला नावं पाठ होती. पान्याचा नंबर न बघता बरोबर उचलून हातात द्यायची.

पेन्सिलला परदेशात जाऊन श्रवणशास्त्र शिकायचं होतं, म्हणजे कान कसा ऐकतो, का ऐकेनासा होतो, यंत्र कसं बसवायचं, ते सगळं. अर्जासोबत 'मी हा विषय का निवडला' असा एक निबंध द्यायचा होता. तो तिने एकदा चहाच्या वेळी आम्हाला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'घरी पाहुणे आले आणि कोणी विनोद केला की माझे बाबा नेहमी सगळ्यांच्या मागून हसतात. सगळे हसताना दिसले की मग हसतात. त्यांना एकदा तरी सगळ्यांच्या बरोबरीने हसताना मला बघायचंय.' वाचून झालं. ताईंनी कागद घेतला, एक स्वल्पविराम काढला, आणि "कपबश्या विसळून आणते" म्हणून उठून गेल्या. कपबश्या विसळायचं काम रोज माझं असे.

पाच विद्यापीठांत अर्ज केले. तिघांनी नाही म्हटलं. चौथ्याने प्रवेश दिला, पण फी सांगितल्यावर भाऊजींनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. पाचव्याने प्रवेशही दिला आणि फीमध्ये एक तृतीयांश सूटही. उरलेली फी, वर्षभर राहता येईल एवढी शिल्लक बँकेत असल्याचा दाखला, व्हिसा, विमा, तिकीट. ताईंनी सगळं एका मोठ्या कागदावर मांडलं, अगदी जाड मोजे किती जोड तेसुद्धा. भाऊजींच्या निवृत्तीची पुंजी गेली. "ती कानांच्याच बदल्यात मिळाली होती, कानांसाठीच गेली," असं भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि स्वतःच मोठ्याने हसायचे.

राहिला प्रश्न खोलीचा. प्रवेशाचं पत्र हातात पडलं तोवर तिथल्या हॉस्टेलचे अर्ज सुरू होऊन महिना उलटला होता. पेन्सिलचा प्रतीक्षायादीत नंबर लागला त्रेसष्ट.

ताईंना काळजी नव्हती. हा त्यांचा प्रांत होता. "त्रेसष्ट म्हणजे फार नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या सत्रात चाळीसेक पोरं गळतात. कोणी कोर्स बदलतं, कोणी मित्रांबरोबर घर घेतं, कोणाला घरची आठवण सोसत नाही. थंडी संपायच्या आत खोली मिळेल तिला."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी हॉस्टेल चालवणाऱ्या लोकांची एक बैठक आमच्याकडे झाली होती. पेन्सिलला जिथे प्रवेश मिळाला, नेमक्या तिथल्याच खोल्या वाटणाऱ्या बाई तेव्हा आल्या होत्या. तीन दिवस ताईंनी त्यांना सगळं फिरून दाखवलं, दोघींचं छान जमलं. जाताना त्यांनी कार्ड दिलं आणि म्हणाल्या, कधीही काहीही लागलं तर हक्काने फोन करा. ते कार्ड ताईंच्या टेबलाच्या काचेखाली होतं. मी रोज बघायचो.

"ताई, लावा ना एक फोन त्या बाईंना," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"आपल्या पेन्सिलसाठी. त्या नाही म्हणणार नाहीत."

"नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच करायचा नाही," ताई म्हणाल्या. "मी फोन केला, तर पुढच्या बासष्ट जणांच्या आयांना हे कार्ड कोणी द्यायचं?"

खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमानच वाटला.

पेन्सिल गेली. पहिले तीन आठवडे ती एका स्वस्त लॉजमध्ये सहाजणींच्या खोलीत दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर झोपली. मग तिला विद्यापीठापासून बारा मिनिटांवर एका घराच्या मागच्या बाजूची खोली मिळाली. भाडं परवडणारं, दार स्वतंत्र, बाथरूम स्वतःचं. दर रविवारी ती व्हिडिओवर फोन करायची. भाऊजींना फोनवरचं काही ऐकू येत नसे, म्हणून तिने कोऱ्या कागदांचा एक गठ्ठाच करून ठेवला होता. मोठ्या अक्षरात लिहून एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरायची. 'जेवले.' 'थंडी खूप.' 'बाबा, आज खऱ्या पेशंटचा कान पाहिला.' एकदा एक कागद उलटा धरला, तर भाऊजींनी मान उलटी करून वाचला.

थंडी सुरू झाली त्या सुमाराची गोष्ट. मी तिसऱ्या मजल्यावर गळती लागली म्हणून पाना घेऊन धावत चाललो होतो. ताईंनी खिडकीतून हाक मारली, "मिस्त्री, अरे इकडे ये, पेन्सिलच्या खोलीचा फोटो आलाय."

मी थांबलो. ताईंनी फोन माझ्यासमोर धरला. खोली लहान होती, पण नीटनेटकी. पलंगावर निळी चादर, खिडकीला पिवळा पडदा, टेबलावर पुस्तकं. कोपऱ्यात बाथरूमचं दार उघडं होतं आणि आत भिंतीवर पाणी तापवायचा गॅसचा गीझर दिसत होता.

हॉस्टेलात लागण्याआधी नऊ वर्षं मी लोकांच्या घरी गॅसचे गीझरच बसवत होतो. गीझरच्या डोक्यावरून निघालेला धुराचा पाईप भिंतीतून बाहेर जायला हवा, नाहीतर विषारी वायू आतच कोंडतो. फोटोतला पाईप भिंतीपर्यंत जाऊन तिथेच वाकून थांबला होता. वरच्या झरोक्याला पुठ्ठा चिकटवलेला होता, बहुधा गार वारा येऊ नये म्हणून. हे मला दिसलं. दिसलं म्हणजे डोळ्यांना दिसलं. मनात एक काहीतरी अडखळलं, आणि तेवढ्यात वरून कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, पाणी जिन्यात आलं!" ताईंचा चेहरा उजळलेला होता. मी म्हटलं, "मस्त आहे हो ताई. पडदा झकास आहे." आणि पळालो.

त्यानंतर चार रविवार फोन आला. पाचव्या रविवारी आला नाही. परीक्षा जवळ आल्यात, झोपली असेल, असं म्हणून दोघांनी तो दिवस काढला.

सोमवारी सकाळी साडेनऊला ऑफिसचा फोन वाजला. मी तिथेच होतो, काउंटरच्या ड्रॉवरची कडी बसवत होतो. पेन्सिलच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागातून कोणी गृहस्थ बोलत होते. ताईंना सवय होती, फोनवर जे ऐकतील ते समोरच्या वहीत लिहीत जायचं. तशा त्या लिहीत गेल्या. पोरीचं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. 'रविवार, सकाळी.' 'अंघोळ.' 'गॅस.' 'घरमालकाने दार उघडलं.' अक्षर नेहमीसारखंच, सुबक. मग म्हणाल्या, "तिच्या खोलीची चावी आता कोणाकडे आहे?" पलीकडून उत्तर आलं असावं, तेही लिहिलं. "आभारी आहे," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी वहीकडे बघितलं आणि स्वतः लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं.

मला एवढंच आठवतं की त्यांनी पेनचं टोपण लावायचा प्रयत्न केला आणि ते लागेना. तीनदा, चारदा, पाचदा. शेवटी मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. वहीतला 'गॅस' हा शब्द मी वाचला, आणि तिसऱ्या मजल्याकडे धावताना मागे टाकलेला तो पाईप माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. असा उभा राहिला की आजतागायत हललेला नाही.

ताई आणि भाऊजी दोघं तिकडे गेले. शेवटचं सगळं तिथेच केलं. जाताना त्यांच्याकडे एकच बॅग होती, येताना दोन होत्या. नवव्या दिवशी परत आले आणि त्यानंतर चौथ्या दिवशी ताई कामावर हजर झाल्या. मी म्हटलं, अजून थोडे दिवस घरी थांबा. त्या म्हणाल्या, "घरी काय करू? इथे यादी लावलेली नाही कोणी."

येताना त्यांनी पेन्सिलचा लॅपटॉप आणला होता. बँकेचं खातं, विमा, फोन, विद्यापीठ, सगळीकडे कळवायचं होतं, त्यासाठी तिची ईमेल उघडावी लागे. अकराच्या चहाला त्या लॅपटॉप काढून एकेक काम संपवत. एके दिवशी मी कप ठेवला तेव्हा त्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"मिस्त्री, हे वाच."

तिथल्या हॉस्टेलची मेल होती. अभिनंदन, असं सुरुवातीलाच. आपल्याला खोली देण्यात येत आहे. तिसरा मजला, दक्षिणेकडची खिडकी, स्वयंपाकघर सामाईक, गरम पाणी चोवीस तास, इमारतीच्या मध्यवर्ती यंत्रणेतून. बहात्तर तासांत होकार कळवावा, अन्यथा खोली पुढच्या नंबरला दिली जाईल.

मेल येऊन दोन दिवस झाले होते.

"ताई, मिटा ते," मी म्हटलं. "उत्तर नाही दिलं तरी आपोआप रद्द होतं."

"आपोआप व्हायला अजून एक दिवस जाईल," ताई म्हणाल्या. "चौसष्ट नंबरवालं पोर कुठेतरी राहत असेल ना. कुठे राहत असेल, कोणाला माहीत."

त्यांनी 'नकार'वर बोट ठेवलं. पडद्यावर प्रश्न आला, नकाराचं कारण निवडा. खाली तीन पर्याय होते. 'दुसरीकडे सोय झाली.' 'अभ्यासक्रम सोडला.' 'इतर.' ताई कितीतरी वेळ बघत होत्या. आमच्या स्वतःच्या फॉर्ममध्येही हेच तीन पर्याय होते, आणि ते ताईंनीच घातलेले होते. शेवटी त्यांनी 'इतर' निवडलं. तर एक चौकोन उघडला, कृपया थोडक्यात लिहा. ताईंनी तो रिकामा ठेवून पुढे जायला बघितलं. जाऊ देईना. लाल अक्षरात आलं, हा रकाना आवश्यक आहे.

ताईंनी लिहिलं, 'आता गरज नाही.'

पाठवलं, लॅपटॉप मिटला, आणि चहा गार झाला म्हणून मला बोलल्या. मी दुसरा करून आणला. खिडकीशी दोन पोरं उभी होती. ताईंनी त्यांना त्यांचे नंबर सांगितले.

भाऊजी मात्र खचले. पेन्सिलच्या प्राध्यापिकेचं पत्र आलं होतं, की तुमच्या मुलीने तुमच्याबद्दल लिहिलं होतं, तुमच्या कानांसाठी यंत्र आम्ही विनामूल्य बसवून देऊ, खर्च विभाग करेल. ताईंनी पत्र त्यांच्या हातात दिलं. मी तेव्हा त्यांच्या घरी नळाचा वायसर बदलायला गेलो होतो. भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली.

"नको," ते म्हणाले. "यंत्र लावलं तर घर किती शांत झालंय ते ऐकू येईल."

ते त्या मोठ्या आवाजात बोलले, ज्या आवाजात बहिरी माणसं नेहमी बोलतात. ताईंनी पत्र घेतलं आणि कपाटात ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

आणि मी? मी रोज अकराचा चहा त्यांच्यासमोर बसून पीत होतो आणि गप्प होतो. आज सांगू, उद्या सांगू. ताईंचं वजन उतरत चाललं होतं, त्यात हे कशाला, असं स्वतःला समजवायचो. खरं कारण एवढंच, की मला भीती वाटत होती. आठ महिने असे गेले. एकदा त्या सहज म्हणाल्या, "तुला तिचा पडदा आवडला होता, आठवतं?" तेव्हा मी कप खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. पाईप, झरोका, पुठ्ठा, नऊ वर्षं गीझर बसवलेले हात. फोटो बघताना मनात काय अडखळलं तेही.

ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "किती महिने झाले?"

"आठ."

"आठ महिने माझ्यासमोर बसून चहा प्यायलास."

बस, एवढंच. त्या दिवसापासून अकराचा चहा बंद झाला. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या माझ्या दाराखालून यायला लागल्या. आधी त्यावर लिहिलेलं असे, 'मिस्त्री, २०४चं कुलूप बघ रे'. आता असायचं, 'दुरुस्ती विभागाने खोली क्र. २०४ची तपासणी करावी.' मी तीन आठवडे त्या चिठ्ठ्या घेतल्या. नोकरी सोडायचा अर्ज लिहिला, फाडला, परत लिहिला. बायको म्हणाली, "पळून जाऊन काय होणार आहे? तिथेच राहा आणि सोसा." तिचं बरोबर होतं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी ताई स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या. सोळा वर्षांत त्या तिथे कधी आल्या नव्हत्या, ग्रीसचा वास त्यांना सोसत नसे. त्यांनी फोन काढला, तोच फोटो उघडला आणि माझ्यासमोर धरला.

"दाखव. कुठे?"

मी बोट ठेवलं. त्यांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला.

"हा फोटो मी रोज बघते," त्या म्हणाल्या. "चादर बघते. पुस्तकं मोजते. हे मला कधी दिसलंच नाही."

"तुम्हाला कसं दिसणार ताई? ते काम माझं होतं."

"हो, तुझंच होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी मला त्यातून सोडलं नाही, आणि खरं सांगतो, त्याने मला बरं वाटलं. मग त्या माझ्या स्टुलावर बसल्या. "आणि टेबलाच्या काचेखाली कार्ड होतं, ते माझं होतं. एक फोन केला असता तर पोरगी तिसऱ्या मजल्यावर असती. मी बासष्ट जणांच्या आयांचा विचार केला. तिच्या आईचा केला नाही."

"ताई, तुम्ही चुकीचं काही..."

"माहितेय मला. चुकीचं काही केलं नाही. तेच तर कोणाला सांगता येत नाही."

बाहेर पोरं सायकली लावत होती. मग ताईंनी विचारलं, "असा गीझर तपासायला किती वेळ लागतो?"

"बघायला पाच मिनिटं. नीट करायला अर्धा दिवस."

"आपल्याकडे यंदा सहाशे अठरा पोरांना खोली मिळाली नाही. ती सगळी कुठेतरी भाड्याने राहतात. त्यांचे पत्ते अर्जावर आहेत."

ते पत्ते वापरणं नियमात बसत नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. मी टूलबॅग घेऊन, ताई पत्ते घेऊन. दार उघडलं की त्या सांगायच्या, "मी हॉस्टेलच्या ऑफिसातली. खोली नाही देऊ शकले, पण तुझं बाथरूम बघायचंय." पोरं चक्रावायची. यादीबाई घरी येऊन बाथरूम बघतेय, ही गोष्ट हां हां म्हणता सगळीकडे पसरली. कोणी खुर्ची पुढे करी, कोणी खोलीतला पसारा पायाने पलंगाखाली ढकली. माळ्यावरच्या खोल्या बघितल्या, गॅरेजच्या खोल्या बघितल्या, एका ठिकाणी तर जिन्याखाली पलंग होता. पहिल्या हिवाळ्यात अकरा गीझर असे निघाले की मी जागीच गॅस बंद केला. एका घरमालकाने आमच्या अंगावर येऊन विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?" ताई म्हणाल्या, "कोणी नाही." आणि पाईप जोडून होईपर्यंत त्याच्या दारात उभ्या राहिल्या. तो शिव्या देऊन दमला, त्या हलल्या नाहीत.

तक्रार वर गेलीच. तीस वर्षांच्या नोकरीत ताईंना पहिल्यांदा लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती वाचली, पोच म्हणून सही केली, आणि फाईलमध्ये लावली. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो.

लोकांना वाटायचं, बाई सावरली. मला तसं कधी वाटलं नाही. ताई रडल्याच नव्हत्या. तिथे गेल्यावर नाही, परत आल्यावर नाही, माझ्या वर्कशॉपमध्ये नाही. भाऊजी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही घरात कधी रडते का, ते मला ऐकू येत नाही. तुला काही कळलं तर सांग." मी काय सांगणार?

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारची वेळ, झाडांना नुकती पालवी फुटली होती. मी ऑफिसचा पंखा खोलून बसलो होतो. फोन वाजला. कुठल्यातरी लांबच्या देशातून एक बाई बोलत होती, मोडक्यातोडक्या भाषेत. तिचा मुलगा आमच्या हॉस्टेलात राहत होता. तीन दिवस फोन उचलत नाही, तो बरा आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं. विद्यार्थ्याची कुठलीही माहिती फोनवर द्यायची नाही, असा नियम आहे. ताईंच्या हातात पेन होतं, पण त्या काही लिहीत नव्हत्या.

"फोन ठेवू नका," त्या म्हणाल्या. "तिथेच थांबा. मी आले."

रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवून त्या उठल्या. गुडघे दुखतात त्यांचे, पण दोन जिने त्या अशा चढल्या की मला गाठता येईना. दारावर थापा मारल्या. एकदा, दोनदा. आत काही हालचाल नाही. ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी मास्टर चावी शोधू लागलो, तर हाताला भलत्याच किल्ल्या लागायला लागल्या.

तेवढ्यात दार उघडलं. एक दणकट दाढीवाला माणूस, संशोधन करणारा, डोक्यावर हेडफोन, अर्ध्या गालाला साबण. फोन त्याचा पाण्यात पडून बिघडला होता, दुसरा घ्यायला वेळ झाला नव्हता, प्रबंधाची तारीख जवळ आली होती.

"खाली चल," ताई म्हणाल्या.

"दाढी करून येतो लगेच."

"आत्ता. असाच. तुझी आई फोनवर आहे."

तो गालाला साबण तसाच घेऊन खाली आला आणि रिसीव्हर कानाला लावला. मग त्या बाईने त्याला असं काही फैलावर घेतलं, की भाषा कळत नसूनही मला सगळं कळलं. तो घोड्याएवढा माणूस, मान खाली घालून हूं हूं करत होता, आणि मग डोळे पुसायला लागला.

ताई बाहेर जाऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. आधी मला वाटलं, दम लागलाय. मग बघितलं, तर त्यांचे खांदे हलत होते. पदराचं टोक तोंडात धरलं होतं, तरी आवाज फुटत होता. लहान मूल रडतं तशा त्या रडत होत्या, श्वास न घेता. तीन वर्षांचं सगळं त्या पायरीवर येत होतं. मी पंख्याचं पातं तसंच हातात घेऊन त्यांच्याशेजारी बसलो.

वरून दोन पोरी गादी घेऊन उतरत होत्या. यादीबाईंना बघून त्या थबकल्या, एकमेकींकडे बघितलं, आणि गादी भिंतीला टेकवून तिथेच वर उभ्या राहिल्या. ताईंचं रडणं थांबेपर्यंत त्यांनी खाली पाऊल टाकलं नाही.